यंत्राला ‘त्रेचाळीस’ म्हणायला शिकवताना

पहिल्या चाचणीत फोनवरून माहिती सांगणाऱ्या आमच्या यंत्रानं पंचगंगा नदीची पातळी ‘चाळीस तीन फूट’ अशी सांगितली. आवाज माझ्या आईचा होता. ती शेजारच्या खुर्चीत फोन कानाला लावून बसली होती. तिनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "हे मी म्हटलेलं नाही."

खरंच नव्हतं. तिनं ‘चाळीस’ म्हटलं होतं, ‘तीन’ म्हटलं होतं. त्यांची सांगड यंत्रानं घातली होती, आणि ती इंग्रजीच्या रीतीनं.

कोल्हापुरात ऑफिसांना, दवाखान्यांना ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या आत फोन जोडणारं यंत्र, आणि इंटरकॉम बसवून द्यायचा माझा व्यवसाय आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहर तुटलं. वीज गेली की पाठोपाठ नेट जातं, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर शेवटचा निरोप कधीचा आहे तेही कळत नाही. पण साध्या बटणांच्या फोनवर कॉल बऱ्याच ठिकाणी लागत होता. दुसऱ्या पुरानंतर आम्ही मदतीचं काम करणारे काही जण एकत्र बसलो, तेव्हा ठरलं की पावसाळ्यात रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एका नंबरवर फोन करायचा आणि एकाच बैठकीत बोलायचं. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत, कुठल्या गावात नाव हवी आहे, कुणाकडं औषधं संपलीत. नेट नको, अ‍ॅप नको. फोन लावायचा आणि चार आकडी पिन दाबायची, एवढंच.

सामानाची अडचण नव्हती. ओळखीच्या एका ऑफिसात पीआरआय लाईन होती, तिच्यावर एका वेळी तीस कॉल येतात, आणि ऑफिस सुटल्यावर ती रिकामीच असते. एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यावर लिनक्स आणि अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे संगणकाचं टेलिफोन एक्स्चेंज करणारं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली लिहायला घेतलं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं. त्यात कॉन्फब्रिज नावाचा भाग आहे, तो फोनवरची बैठक भरवतो. दोन संध्याकाळीत बैठक चालू झाली. अ‍ॅलिसन स्मिथ यांच्या स्वच्छ इंग्रजी आवाजात यंत्र पिन मागू लागलं. अ‍ॅस्टेरिस्कच्या इंग्रजी सूचना त्यांच्याच आवाजात आहेत, जगभरातल्या लाखो लोकांनी तो आवाज ऐकलेला आहे.

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका तात्यांनी तो ऐकून तीनदा फोन ठेवून दिला. त्यांना वाटलं, नंबर चुकतोय.

आता भाषेचं बघायला हवं होतं. माणसं दोन भाषांची होती, मराठी आणि कन्नड. दूधगंगा आणि वेदगंगा कागलकडून निपाणी-चिकोडी भागात जातात आणि पुढं कृष्णेला मिळतात. कर्नाटकातल्या सदलग्याच्या माणसाला पाण्याची खबर आपल्याइतकीच लागते, राज्याच्या हद्दीवर पाणी थांबत नाही. तिकडच्या बऱ्याच लोकांना मराठी समजतं, पण घाबरलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता आपल्या भाषेत ऐकू आलं पाहिजे, हे पहिल्या बैठकीत सगळ्यांनीच मान्य केलं. शिवाय बाहेरून येणाऱ्या पथकांसाठी हिंदी हवं होतं.

अ‍ॅस्टेरिस्कबरोबर ज्या भाषांचे तयार आवाज मिळतात त्यांत स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रशियन, जपानी आहेत. मराठी नाही, कन्नड नाही. ते आपलं आपणच करायचं. रचना सोपी आहे. आवाजांच्या मुख्य फोल्डरमध्ये प्रत्येक भाषेचा दोन अक्षरी नावाचा फोल्डर असतो: इंग्रजीला ईएन, मराठीला एमआर, कन्नडला केएन. आत फायलींची नावं सगळीकडं तीच. फोन आला की त्या कॉलला भाषा ठरवून द्यायची, मग यंत्र त्या फोल्डरमधली फाईल वाजवतं. तिथं फाईल नसेल तर गपचूप इंग्रजीतली वाजवतं.

हे ‘गपचूप’ पुढं आम्हाला बरंच भोवलं.

मी पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक कुणीही करेल. इंग्रजी सूचनांची यादी काढली, शेजारी मराठी लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे, बहुतेक नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर. तिचा आवाज स्वच्छ आहे, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. माडीवरच्या खोलीत कपाटावर आणि खिडकीवर दोन जाड वाकळा टांगल्या. जुन्या लुगड्यांची वाकळ आवाज फार छान पिते, खोलीचा घुमारा एकदम गेला. माईक स्टीलच्या डब्यावर ठेवला होता, त्याची खरखर येत होती, म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल घेतला.

आईनं यादी वाचली आणि चष्मा काढला.

"हे ‘कृपया प्रतीक्षा करा’ कुणाला सांगायचंय?"

"जो फोन करेल त्याला."

"मग ‘जरा थांबा’ म्हण की."

तिथून आमची यादी बदलायला लागली. ‘आपणास ध्वनिमूक करण्यात आले आहे’ असं मी लिहिलं होतं, ते ‘तुमचा आवाज बंद केलाय, तुम्हाला ऐकू येत राहील’ असं झालं. दुसरं वाक्य इंग्रजीत नव्हतंच. पण आवाज बंद केल्यावर लोक फोन कट झाला समजून ठेवून देतात, हे आम्ही पाहिलं होतं. ‘पिन टाकून हॅश दाबा’ याच्यावर आई अडली. हॅश म्हणजे काय हे तात्यांना कसं कळणार? बटणांचा फोन समोर धरला. ‘चार आकडे दाबा. मग शून्याच्या उजवीकडचं बटण दाबा.’ हे वाक्य तात्यांना फोनवरून वाचून दाखवलं. त्यांनी तेवढ्यात दाबून दाखवलं.

खरा गुंता अर्ध्या वाक्यांचा होता. बैठकीत शिरताना यंत्र सांगतं की आत किती जण आहेत. इंग्रजीत याचे तीन तुकडे असतात: आधी ‘देअर आर’, मग आकडा, मग ‘बैठकीतले इतर सहभागी’ अशा अर्थाचा तुकडा. मी पहिल्या तुकड्याला ‘आहेत’ असं लिहून ठेवलं होतं. चाचणीत ऐकलं, ‘आहेत, सात, इतर सहभागी बैठकीमध्ये.’ मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे शाळेत शिकलेलं मला फायलींची नावं बघताना आठवलंच नव्हतं. आपल्याला तुकड्यांचा क्रम बदलता येत नाही, पण तुकड्यात काय बोलायचं ते आपल्या हातात असतं. म्हणून पहिल्या फाईलीत ‘या बैठकीत तुमच्याशिवाय’ आणि तिसऱ्या फाईलीत ‘जण आहेत’ भरलं. मध्ये कुठलाही आकडा आला तरी वाक्य उभं राहतं. एकच माणूस असेल तर त्याची फाईल वेगळी असते, तिथं ‘आत अजून एक जण आहे’. आईला दोन माणसांसाठी ‘दोघं’, तीनसाठी ‘तिघं’ हवं होतं. तिचं बरोबर होतं, पण ‘दोन जण’ही आपण बोलतोच, म्हणून तो हट्ट मी सोडायला लावला.

मग ‘अमुक बैठकीत आले’ ही सूचना. माणूस आत येताना आपलं नाव रेकॉर्ड करतो, ते वाजतं आणि पुढं ही फाईल लागते. मी मानानं ‘बैठकीत आले आहेत’ असं घेतलं होतं. पहिल्याच दिवशी गटातल्या एका वहिनींचं नाव वाजलं आणि पुढं ‘आले आहेत’. आमच्या कोल्हापुरात बायका-मुली सहज ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, पण ते स्वतःबद्दल. दुसऱ्याबद्दल सांगताना बाईमाणसाला ‘आल्या’च लागतं. यंत्राला नावावरून बाई की पुरुष हे कळत नाही. प्रत्येकाला आधी बटण दाबायला लावावं काय, इथपर्यंत विचार करून झाला. उत्तर आईनं व्याकरणातूनच काढलं. ‘यांनी हजेरी लावली.’ ‘यांनी बैठक सोडली.’ कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद कर्माच्या मागं जातं. हजेरी स्त्रीलिंगी, बैठक स्त्रीलिंगी. मग नाव तात्यांचं असो वा वहिनींचं, वाक्य चुकत नाही. चाळीस वर्षं खडू हातात धरलेल्या बाईला हे दोन मिनिटांत सुचलं. मी दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो.

पण अडचण आकड्यांचीच मोठी, आणि मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

बैठकीच्या आधी पाण्याची पातळी ऐकू यावी अशी सोय आम्ही केली. प्रशासनाकडून पातळी जाहीर झाली की गटातला एक जण फोन करून ती बटणांनी भरतो, फूट आणि इंच. मग जो कुणी फोन करेल त्याला ती ऐकू येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात. त्रेचाळीस म्हटलं की नदीकाठची माणसं गुरं सोडायला लागतात.

इंग्रजीत एक ते वीस, मग तीस, चाळीस असे दहाचे टप्पे, एवढ्या फायली पुरतात. ४३ म्हणजे चाळीसची फाईल आणि तीनची फाईल. मराठीत एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येचं नाव वेगळं आहे. त्रेचाळीस ऐकताना आपल्याला तीन आधी आणि चाळीस नंतर ऐकू येतं, तेही एकमेकांत मुरलेलं. एकोणचाळीसमध्ये तर नऊ कुठंच नाही, चाळीसला एक कमी असा तो शब्द आहे. यंत्र त्याला ‘तीस नऊ’ म्हणत होतं. ऐकणारा क्षणभर थांबतो, मनातल्या मनात जुळवतो, तोवर इंचांचा आकडा निघून जातो. तात्यांनी ‘चाळीस तीन’ ऐकून मला विचारलं, "चाळीस की तीन? का चाळीस फूट तीन इंच?" हा गोंधळ मला अजिबात चालण्यासारखा नव्हता. ४० फूट ३ इंच आणि ४३ फूट यांत एका गावाचं स्थलांतर असतं.

आईला मात्र यात काही नवल वाटलं नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली होती. जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, संख्या बोलणं आणि लिहिणं यांचा क्रम जुळत नाही, म्हणून ती सोपी वाट. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ती बाजू शांतपणे मांडली होती, आणि वाद थेट विधिमंडळात गेला होता. तेव्हा घरात याच्यावर दोन-तीन दिवस चर्चा चालली होती. आईचं मत मला पक्कं आठवतं. मूल त्रेसष्टला छत्तीस लिहितं तेव्हा त्याला ‘साठ आणि तीन’ असं फोडून दाखवावंच लागतं, तिनं स्वतः वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. पण ते वर्गातल्या फळ्यापुरतं. "शिकताना फोडायचं, बोलताना नाही," ती तेव्हा म्हणाली होती. आता यंत्रासमोर बसून तेच म्हणाली.

तर मग सगळे नव्व्याण्णव आकडे रेकॉर्ड करायचे ठरले. पाणी साठ फुटांपर्यंत गेलेलं आपल्याला माहीत नाही, मग साठपुरते घेऊ, असं मी सुचवलं. आईनं ऐकलं नाही.

तिनं एक, दोन, तीन असं ओळीनं म्हणायला सुरुवात केली आणि पन्नासपर्यंत एका दमात गेली. ऐकून पाहिलं तर सगळ्या आकड्यांना पाढ्यांची चाल लागली होती. प्रत्येक आकड्याचा शेवट वर उचललेला, पुढचा येणार आहे असा. असा आकडा वाक्यात बसवला की वाक्य लटकतं. मग मी वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, नव्व्याण्णव, आणि पितळी डब्यात घालून हलवल्या. आई एक चिठ्ठी काढायची, मनात वाचायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची. सत्तेचाळीस. बारा. एक्क्याण्णव. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर एक सेकंद शांतता, म्हणजे कापायला सोपं. दुपारचं रस्त्यावरून भंगारवाला गेला, शेजारच्यांची मोटर सुरू झाली, प्रत्येक वेळी थांबायचं. नव्व्याण्णव चिठ्ठ्यांना अडीच तास लागले.

फोनवर ऐकल्यावर आणखी एक गोष्ट कळली. टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’चा सगळा जोर त्याच्या वरच्या भागात असतो, तो तारेत कापला जातो. त्यामुळे ‘सहा’ आणि ‘दहा’ फोनवर सख्ख्या भावांसारखे ऐकू येतात. ‘सात’ आणि ‘साठ’चंही तसंच. इंचांमध्ये सहा आणि दहा दोन्ही येतात. म्हणून हे चार आकडे आईनं वेगळे घेतले: ‘सहा’मधला ‘स’ किंचित लांबवून, ‘दहा’चा ‘द’ ठोकून, ‘साठ’चा ‘ठ’ पूर्ण वाजवून. खोलीत ऐकताना ते जरा नाटकी वाटतात. फोनवर अगदी बरोबर लागतात.

फायली ८००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो अशा करून घ्यायच्या असतात. मी पहिली खेप घाईत तशीच ४४१०० हर्ट्झवर टाकली आणि यंत्र मुकं झालं. लॉग, म्हणजे यंत्र स्वतः लिहितं ती नोंदवही, उघडला तर त्यात ८००० हवे होते, ४४१०० आले, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सॉक्स नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं एका फटक्यात सगळ्या फायली बदलून मिळतात. दुसऱ्या खेपेला फायली बरोबर होत्या, पण त्यांची मालकी रूट या संगणकाच्या मुख्य खात्याकडं राहिली होती आणि अ‍ॅस्टेरिस्कला त्या वाचायची परवानगीच नव्हती. हे काम करणाऱ्यानं या दोन गोष्टी आधी तपासाव्यात, माझी अख्खी रात्र त्यात गेली.

आता नव्व्याण्णव फायली होत्या, पण यंत्र तरी ‘चाळीस’ आणि ‘तीन’च शोधत होतं. आकडे कसे बोलायचे याचे नियम अ‍ॅस्टेरिस्कच्या पोटात भाषावार लिहिलेले असतात, आणि भाषा ओळखीची नसली की ते इंग्रजीचे नियम लावतं. सुदैवानं ‘से डॉट कॉन्फ’ नावाची एक फाईल आहे. तिच्यात वरच्या बाजूला जुनी पद्धत की नवी, एवढं एका शब्दात सांगायचं. नवी म्हटलं की प्रत्येक भाषेचे नियम आपण त्याच फाईलीत लिहू शकतो. इंग्रजीच्या नियमात दोन आकडी संख्येचे तुकडे करणाऱ्या दोन-तीन ओळी असतात. मी मराठीचा विभाग केला आणि त्या ओळींच्या जागी एकच ओळ लिहिली: दोन आकडी संख्या आली की तिला हात लावायचा नाही, त्याच नावाची फाईल वाजवायची.

फोन लावला. ‘राजाराम बंधारा. सकाळी आठची पातळी. त्रेचाळीस फूट, तीन इंच.’

आईनं दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "हां. हे माझं."

वेळ सांगायचीही अशीच गंमत झाली. यंत्राला ‘आठ एएम’ म्हणता येतं, ‘सकाळी साडेआठ’ म्हणता येत नाही. दीड आणि अडीच तर कुठल्याच जोडणीतून निघत नाहीत. पातळी आम्ही अर्ध्या तासाच्या हिशेबानं भरत होतो, म्हणून दिवसाच्या अठ्ठेचाळीस वेळा सरळ अख्ख्याच बोलून घेतल्या. रात्री अडीच म्हणायचं की पहाटे अडीच, यावर थोडं थांबलो. आईच्या मते पहाट तीननंतर लागते. तसंच ठेवलं.

कन्नडला माझ्याकडून आधी अन्याय झाला. सोपं म्हणून मी कन्नड सूचना भाषांतराच्या प्रोग्रॅममधून काढल्या आणि संगणकाच्या आवाजात घेतल्या. सदलग्याची एक मुलगी कोल्हापुरात कॉलेजला आहे, तिच्या आजोबांना ऐकवल्या. ते मराठीत म्हणाले, "बातम्या आहेत काय ह्या? बेंगळूरच्या?" ‘दयविट्टु निरीक्षिसि’ हे शुद्ध होतं, पण त्यांच्या दारात कुणी तसं बोलत नाही. तिकडं मानानं बोलताना शेवटी ‘रि’ येतो. ‘स्वल्प तडीरि’ म्हटलं की माणूस थांबतो. मग त्या मुलीनंच सगळ्या सूचना नव्यानं लिहिल्या, आजोबांना विचारून विचारून, आणि आमच्या माडीवर वाकळांमध्ये बसून बोलली. "काका, हे ‘कृपया’ सगळीकडून काढू का?" तिनं विचारलं, आणि मला आईची आठवण झाली. आई तेव्हा खाली चहा करत होती.

कन्नडच्या आकड्यांनी मात्र त्रास दिला नाही. चाळीस म्हणजे नलवत्तु, तीन म्हणजे मूरु, आणि त्रेचाळीस म्हणजे नलवत्तमूरु. क्रम इंग्रजीचाच. यंत्र ‘नलवत्तु, मूरु’ असं तोडून बोलतं तेव्हा जरा सुटं वाटतं, पण आजोबांना एका ऐकण्यात कळलं. एकाच नदीच्या काठावरच्या दोन भाषा आकडे किती वेगळे बांधतात, हे मला या वयात, या कामामुळे समजलं. फक्त एक घडलं. ‘से डॉट कॉन्फ’मध्ये मी नवी पद्धत चालू केली ती सगळ्या भाषांना लागू झाली. तिथं कन्नडचा विभागच नव्हता, त्यामुळे मराठी सुधारलं आणि कन्नड आकडे गप्प झाले. इंग्रजीचा विभाग उचलून कन्नडच्या नावानं ठेवला, तेव्हा ते परत बोलू लागले.

भाषा निवडायला सुरुवातीला दोन ओळी आहेत: ‘मराठीसाठी एक दाबा’ आणि ‘कन्नडक्कागि एरडु ओत्त्रि’. प्रत्येक ओळ तिच्याच भाषेत. ‘कन्नडसाठी दोन दाबा’ असं मराठीत सांगितलं तर ज्याला त्याची गरज आहे त्यालाच ते समजणार नाही. एकदा निवडलं की तो नंबर आणि भाषा यंत्र लक्षात ठेवतं, पुन्हा विचारत नाही. चुकून दुसरी दाबली तर पिनच्या वेळी शून्य दाबून बदलता येते.

आणि मग आणखी एक खोच निघाली, ती कुठल्याही पुस्तकात मी आधी वाचली नव्हती. पिन मागणं, ‘आवाज बंद केलाय’ सांगणं, हे एकट्याच्या कानात वाजतं, त्याच्या भाषेत. पण ‘अमक्यांनी हजेरी लावली’ हे बैठकीतल्या सगळ्यांच्या कानात एकदमच वाजतं. तिथं ज्याची त्याची भाषा लागत नाही, बैठकीला जी भाषा ठरवून दिली असेल ती लागते. ती ठरवली नसेल तर इंग्रजी. आमच्या पहिल्या मोठ्या बैठकीत वीसेक माणसं मराठीत आणि कन्नडमध्ये आत आली आणि प्रत्येकाच्या नावामागं अ‍ॅलिसनबाई इंग्रजीत बोलत राहिल्या. मराठी लावलं तर सदलगा-बोरगावच्या लोकांना वाटणार, बैठक मराठीवाल्यांची. दोन्ही भाषा एकामागून एक वाजवल्या तर वीस माणसं यायला दहा मिनिटं. शेवटी त्या जागी शब्दच काढून टाकले. एक छोटी घंटा आणि माणसाचं नाव. जाताना तीच घंटा जरा खालच्या सुरात. आईची ‘हजेरी लावली’ ही ओळ रोजच्या मराठी बैठकीत राहिली, दोन्हीकडच्या बैठकीत घंटा आहे.

नाव रेकॉर्ड करतानाही लोक ‘हॅलो, हॅलो, येतंय का ऐकायला’ असं बोलून ठेवायचे आणि तेच सगळ्यांना ऐकू जायचं. सूचना बदलली: ‘फक्त नाव आणि गाव सांगा.’ गाव घातलं ते फार बरं झालं. पुरात माणसाच्या नावापेक्षा गावाचं नाव आधी लागतं.

फोल्डरमध्ये नसलेली फाईल गपचूप इंग्रजीत वाजते, हे वर लिहिलं. पिन तीनदा चुकली, बैठक कुलूपबंद आहे, तुम्हाला बाहेर काढलंय, असे प्रसंग चाचणीत सहसा येत नाहीत. ते येतात खऱ्या गडबडीत, आणि नेमकं तेव्हा इंग्रजी ऐकू येतं. म्हणून मी तिन्ही फोल्डरच्या याद्या शेजारी शेजारी लावून बैठकीची एकेक फाईल तपासली आणि मग मुद्दाम प्रत्येक चूक करून पाहिली. चुकीची पिन, उशीर, मधेच फोन ठेवणं. हिंदीच्या सात फायली अजून व्हायच्या आहेत, त्या ठिकाणी सध्या इंग्रजी वाजतं.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. पाणी ३९ वर होतं त्या रात्री आईनं खालच्या खोलीतून स्वतःच त्या नंबरला फोन केला. मला ते माहीत नव्हतं. ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "एकोणचाळीसमधला ‘एकोण’ दबतोय रे. घाईत कुणी नुसतं चाळीस ऐकेल. परत घेऊया."

वाकळा काढून टांगल्या. पण पत्र्यावर पाऊस कोसळत होता, माईकमध्ये दुसरं काही येतच नव्हतं. आम्ही दिवा बारीक करून बसून राहिलो. दीडच्या सुमाराला पाऊस मिनिटभर ओसरला. आईनं श्वास घेतला आणि तीनदा म्हटलं, एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस. मधला चांगला आला होता. तो कापून जागेवर टाकला, फोन लावून ऐकला, आणि ती झोपायला गेली.